आधी थांबणे, मग धावणे

मित्रांनो, जुनी वस्तू घरात आली की तिचे आधी काय करायचे, हा प्रश्न प्रत्येकापुढे कधी ना कधी येतो. थोरल्या भावाची सायकल धाकट्याला मिळते. खालाकडचे शिलाई मशीन आपल्या घरी येते. वस्तू जुनी असते, पण आपल्यासाठी ती नवीच असते. मग आपण ती पुसतो, तिला रंग लावतो, सायकल असेल तर हँडलला झिरमिळ्या बांधतो. हौस आधी आणि गरज मागून, असाच बहुतेकांचा क्रम असतो. हा क्रम बदलला तर काय होते, ते मी एका जुन्या मोटारीच्या दुरुस्तीत जवळून पाहिले. तीच हकिकत आज तुम्हांला सांगणार आहे.

ही मोटार आपल्याच भागातली. कल्याणहून शिळफाट्याकडे बसने जाताना तुम्ही 'प्रीमियर मैदान', 'प्रीमियर कॉलनी' ही नावे ऐकली असतील. ही नावे एका मोटार कंपनीवरून पडली आहेत. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा मोठा कारखाना कुर्ल्याला होता. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून जी 'पद्मिनी' गाडी वर्षानुवर्षे धावली, ती याच कंपनीची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा रस्ता सोडला, तेव्हा अनेक जुन्या चालकांचे डोळे पाणावले.

कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले आणि परदेशी कंपन्यांना भारतात येण्याची वाट मोकळी झाली. फ्रान्सची प्यूजो ही कंपनी प्रीमियरबरोबर भागीदारीत आली. १९९४ पासून या कारखान्यात 'प्यूजो ३०९' ही गाडी तयार होऊ लागली. युरोपात ही गाडी १९८५ साली निघाली होती. तिथे तिचा एक वेगवान प्रकारही होता. त्याला '३०९ जीटीआय' म्हणत. त्याचे इंजिन १९०५ सी.सी.चे आणि १३० अश्वशक्तीचे होते. वळणावर ती गाडी रस्ता सोडत नाही, अशी तिची ख्याती होती. आपल्याकडे तयार झालेली पेट्रोलची गाडी मात्र साधी होती. तिचे इंजिन १३६० सी.सी.चे होते. सांगाडा तोच, पण ताकद कमी. भागीदारी फार काळ टिकली नाही. १९९० चे दशक संपण्याआधीच या गाडीचे उत्पादन थांबले. आज त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

माझ्या भाच्याचा जन्म झाला, तोवर ही गाडी बाजारातून गेलेली होती. तरी तिचे वेड त्याला लागले. भिवंडीच्या एका गोदामात तो नोकरी करतो. मोबाइलवर त्याने जीटीआय गाडीच्या शर्यती पाहिल्या आणि 'घेईन तर हीच स्पोर्ट्स कार' असे मनाशी ठरवले. डोंबिवलीतल्या एका इमारतीखाली अशी एक गाडी उभी असल्याचे त्याला कळले. गाडीचे मालक सेवानिवृत्त गृहस्थ होते. १९९५ साली त्यांनी ती नवी घेतली होती. २०२० च्या टाळेबंदीपासून ती जागची हललेली नव्हती. तिच्यावर धुळीचा थर बसला होता. बोनेटवर एक मांजर निवांत झोपलेले होते. मालकांनी सगळे कागद नीट जपून ठेवले होते. २०२४ च्या जानेवारीत, पस्तीस हजार रुपयांना, सौदा झाला. थोडे पैसे त्याचे, थोडे माझे.

चार वर्षे उभी असलेली गाडी चालवत नेणे धोक्याचे होते. म्हणून आम्ही ती उचलणाऱ्या गाडीवर चढवून पत्रीपुलावरून कल्याणला आणली. तिथे एक गॅरेज आहे. गॅरेजच्या मालकांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. उस्तादांनी तरुणपणी डोंबिवलीच्या त्याच कारखान्यात काही वर्षे काम केले होते. गाडी पाहताच त्यांनी दारावर हात फिरवला आणि हसून म्हणाले, "ही आपल्या गावची पोरगी आहे."

भाच्याने आपली यादी खिशातून काढली. लाल रंग, चकचकीत अलॉय चाके, नवी आसने, मोठा आवाज करणारा साइलेन्सर आणि गाणी ऐकण्याचे यंत्र. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जुन्नरला त्याच्या चुलत बहिणीचा निकाह होता. माळशेज घाटातून या गाडीने जायचे आणि सगळ्या खानदानासमोर उतरायचे, असा त्याचा बेत होता. दुरुस्तीसाठी आमच्याकडे पन्नास हजार रुपये होते.

उस्तादांनी यादी वाचली. ती घडी करून त्याच्या हातात परत दिली आणि विचारले, "गाडीत कोण कोण बसणार?"

भाचा म्हणाला, "मी, मामू, अम्मी आणि नानी."

"नानींचे वय काय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग आता यादी मी लिहितो," उस्ताद म्हणाले.

एका सुट्या भागाच्या खोक्याचा पुठ्ठा त्यांनी फाडला आणि त्यावर पेन्सिलीने तीन रकाने आखले. उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून पहिला रकाना उजवीकडे होता. त्यावर त्यांनी लिहिले, 'रोकनेवाले'. मधल्या रकान्यावर लिहिले, 'चलानेवाले'. डावीकडच्या शेवटच्या रकान्यावर लिहिले, 'दिखानेवाले'. मग म्हणाले, "पहिला रकाना पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दुसरा पूर्ण झाल्याशिवाय तिसऱ्याकडे बघायचेसुद्धा नाही. पैसे संपले, तर शेवटचा रकाना रिकामा राहील. पण तो रिकामा राहिल्याने कोणी मरत नाही."

पहिल्या रकान्यात सर्वांत वर ब्रेक होता. ब्रेक कसा काम करतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. आपण पायाने पेडल दाबतो. त्या दाबाने मास्टर सिलिंडरमधला द्रव नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलला जातो. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. हा पास्कलचा नियम. त्या दाबाने ब्रेकचे पॅड चकतीवर आवळले जातात आणि चाक थांबते. आपल्या पायाचे बळ टनभर वजनाच्या गाडीला थांबवते, ते अशा रीतीने.

गॅरेजमध्ये या द्रवाला सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात. या द्रवाला एक खोड असते. तो हवेतली ओल हळूहळू शोषून घेतो. आपला भाग खाडीजवळचा. पावसाळ्यात तर कपाटातले कपडेही ओलसर लागतात. मग चार वर्षांत त्या द्रवात किती पाणी मुरले असेल, याचा विचार करा. 'डॉट ४' या जातीचा नवा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की हा उत्कलनबिंदू १५५ अंशांच्या आसपास खाली येतो. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबावा लागतो. घर्षणाने ब्रेक तापतात आणि द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल मऊ लागते, पाय खालपर्यंत जातो आणि गाडी मात्र थांबत नाही.

उस्तादांनी जुना द्रव बाटलीत काढला. तो काळ्या चहासारखा दिसत होता. नव्या द्रवाची बाटली त्यांनी शेजारी ठेवली. तो सरबतासारखा फिका आणि पारदर्शक होता. भाचा काही बोलला नाही, पण दोन्ही बाटल्यांकडे बराच वेळ पाहत राहिला.

मग चाकांजवळच्या रबरी नळ्या निघाल्या. गॅरेजच्या भाषेत त्यांना 'होज पाइप' म्हणतात. बाहेरून त्या बऱ्या दिसत होत्या. उस्तादांनी एक नळी मधोमध कापून दाखवली. आतले रबर सुजून भोक जवळजवळ बुजले होते. ते म्हणाले, "पाय दाबला की दाब आत जाईल. पण पाय उचलल्यावर तो परत यायचा नाही. चाक आवळलेलेच राहील, तापेल, आणि गाडी एका बाजूला ओढेल. ही नळी वरून चांगली दिसते, हाच तिचा धोका आहे."

चारही नळ्या बदलल्या. मागच्या चाकांच्या ड्रममधले गळणारे सिलिंडर आणि झिजलेले लायनर बदलले. पुढचे पॅड नवे घातले. मग एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा नट सैल करून हवा बाहेर सोडायची, असे काम संध्याकाळपर्यंत चालले. या कामात भाच्याने पेडल दाबले आणि उस्तादांच्या चेल्याने नट सांभाळला. "दाब!" "धर!" "सोड!" अशा हाका गॅरेजभर घुमत होत्या.

त्यानंतर टायर. आमच्या गाडीच्या टायरांची नक्षी जवळजवळ नवी होती. भाचा म्हणाला, "उस्ताद, हे तर चांगले आहेत." उस्तादांनी टायरच्या कडेवर बोट ठेवले. तिथे चार अंक होते. मित्रांनो, तुम्हीही कोणत्याही मोटारीच्या टायरवर हे अंक शोधून पाहा. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. '२३१९' असे लिहिले असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आमच्या टायरांवर '१४११' होते. म्हणजे ते तेरा वर्षांचे झाले होते. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ते कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. असा टायर ओल्या रस्त्यावर घसरतो आणि उन्हात वेगाने जाताना फुटू शकतो. चार टायर आणि एक स्टेपनी, असे पाच नवे टायर आले. साध्या लोखंडी चाकांवरच ते चढवले. अलॉय चाके तिसऱ्या रकान्यात गेली.

पहिल्या रकान्यात आणखी चार गोष्टी होत्या. सुकाणूचे सांधे, मागच्या आसाचे बेअरिंग, सीटबेल्ट आणि दिवे. या जातीच्या प्यूजो गाड्यांत मागच्या आसाचे बेअरिंग झिजले की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात. मागे उभे राहून पाहिले, तर फेंगड्या माणसाचे पाय दिसावेत तशी ती दिसतात. आमच्या गाडीचे आस सुदैवाने सरळ होते. सीटबेल्टचे पट्टे मात्र उंदरांनी कुरतडले होते. तेही बदलले.

गाडी वर उचलल्यावर उस्तादांनी एक गोष्ट आम्हांला बजावून सांगितली. गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणी तिच्याखाली जायचे नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. खाली भक्कम लोखंडी स्टँड लावल्याशिवाय त्यांचा चेला गाडीखाली हातसुद्धा घालत नसे.

पहिला रकाना पूर्ण झाला, तेव्हा एप्रिल लागला होता आणि पन्नासातले तीस हजार संपले होते. ईद झाली. आता दुसऱ्या रकान्याची पाळी होती.

पेट्रोलच्या टाकीतून जे निघाले, त्याला पेट्रोल म्हणणे कठीण होते. त्याला वॉर्निशसारखा वास येत होता. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. आता आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९९५ सालचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते अशा पेट्रोलमध्ये मऊ पडते आणि गळू लागते. गरम इंजिनावर पेट्रोल गळले तर आग लागते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घातल्या.

उंदरांनी वायरीही कुरतडल्या होत्या. एका फ्यूजच्या जागी कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून घातला होता. उस्तादांनी तो चिमटीत धरून भाच्याला दाखवला. फ्यूज हा जळण्यासाठीच असतो. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की तो स्वतः जळतो आणि वायरी वाचवतो. त्याच्या जागी कागद गुंडाळला, तर फ्यूज वाचतो आणि गाडी जळते. इंजिनाचे ऑइल, ऑइल फिल्टर, रेडिएटरच्या नळ्या, कूलंट, बॅटरी, सगळे एकेक करून झाले.

शेवटी राहिला टायमिंग बेल्ट. हा दात असलेला रबरी पट्टा इंजिनाच्या एका बाजूला झाकणाआड असतो. खालचा दांडा पिस्टनांना जोडलेला असतो, वरचा दांडा व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. खालच्या दांड्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा बरोबर एक फेरा व्हावा लागतो. हा मेळ पट्टा सांभाळतो. चालत्या गाडीत पट्टा तुटला, तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी निकामी होते. घाटातल्या वळणावर असे झाले तर काय, याची कल्पना तुम्ही करू शकता. पट्ट्याचे वय किलोमीटरवर मोजतात, तसेच वर्षांवरही मोजतात. आमचा पट्टा कधी बदलला, याची नोंद कागदांत कुठेच नव्हती.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या भागांची दुकाने आहेत. भाचा तिथे दोन रविवार हिंडला. पट्टा मिळाला नाही. एका दुकानात एक सापडला, पण तो उभ्या गाडीतून काढलेला, जुनाच होता. हा पट्टा घालावा असे भाच्याला वाटत होते. निकाह आठ दिवसांवर आला होता. गाडी सुरू होत होती, चालत होती, थांबतही होती. तो उस्तादांना म्हणाला, "आता एवढ्याने काय होणार? जाऊन येऊ. परत आलो की बदलू."

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "बेटा, गाडी तुझी आहे. चावी हवी तर आत्ता घेऊन जा, मी अडवणार नाही. पण मी 'गाडी तयार आहे' असे म्हणणार नाही. ती तयार नाही."

भाचा माझ्याकडे वळला. "मामू, तुम्ही तरी सांगा ना!"

मी एवढेच म्हणालो, "नानीला विचार."

घरी आल्यावर त्याने खरेच नानीला विचारले. अम्मीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मी जुन्नरला एसटीने अनेकदा गेले आहे. अजून एकदा जाईन. तुझी गाडी कुठे पळून जाते?"

निकाहला आम्ही कल्याणहून एसटीनेच गेलो. भाच्याला खिडकीजवळची जागा मिळाली होती, तरी मुरबाड जाईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. जुन्नरला सगळ्यांनी विचारले, "गाडी कुठे आहे?" त्याने प्रत्येकाला सांगितले, "गॅरेजमध्ये. एक पट्टा यायचा आहे." दोघाचौघांनी त्याची थट्टा केली. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. पण 'मामूंनी आणू दिली नाही' असे तो कोणाजवळ म्हणाला नाही.

पट्टा जून महिन्यात आला, तोही कुवेतहून. प्यूजोने याच घराण्यातले इंजिन पुढे '२०६' सारख्या कितीतरी गाड्यांत वापरले. आखाती देशांत प्यूजो गाड्या आहेत, त्यामुळे तिथे सुटे भाग मिळतात. आमच्या शेजारचा एक मुलगा तिथे नोकरीला आहे. इंजिनाचा क्रमांक आणि पट्ट्याच्या दातांची संख्या आम्ही त्याला कळवली होती. सुट्टीवर येताना त्याने पट्टा, तो ताणून धरणारी पुली आणि वॉटर पंप असे तिन्ही भाग आणले. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून तिन्ही एकदमच बदलायचे असतात.

जुना पट्टा निघाला तेव्हा भाचा तिथेच उभा होता. उस्तादांनी तो उलटा वाकवला. दातांच्या मुळाशी भेगा होत्या, आणि एका ठिकाणी दोन दात निम्मे उडालेले होते. कोणी काही बोलले नाही. भाच्याने तो पट्टा मागून घेतला. आजही तो त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे.

त्या पावसाळ्यात आम्ही त्याच गाडीने माळशेज घाटातून जुन्नरला गेलो. नानी पुढच्या आसनावर बसली होती. घाटात धुके होते, कड्यांवरून पाणी कोसळत होते, रस्ता ओला होता. भाचा सावकाश चालवत होता. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, हे उस्तादांनी त्याला पाठ करून दिले होते. त्या प्रवासात सांगण्यासारखे काहीच घडले नाही. गाडी जिथे थांबवायची होती तिथे थांबली. नानीने वाटेत दोनदा चहा घेतला आणि उरलेला वेळ झोप काढली. चांगल्या दुरुस्तीची खूण हीच, की तिच्यामुळे काही घडत नाही.

२०२५ साली गाडीला तीस वर्षे पूर्ण झाली. आपल्या देशात खाजगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती नव्याने करून घ्यावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो. परिवहन कार्यालयाच्या तपासणीत आमची गाडी पास झाली. तिचा रंग मात्र अजून जुनाच आहे. पुढच्या दारावरचा पत्रा थोडा गंजला आहे. पुठ्ठ्यावरचा डावीकडचा रकाना बराचसा रिकामा आहे. भाचा दर महिन्याला पगारातून थोडे पैसे बाजूला ठेवतो. रंग लालच द्यायचा, हे त्याने सोडलेले नाही, आणि सोडूही नये. हौस वाईट नसते. तिची पाळी शेवटी येते, एवढेच.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांकडे मोटार नसेल, पण सायकल असेल. मुंब्रा-कौसा असो, राबोडी असो, की कल्याणचा दूधनाका, आपल्या भागातले रस्ते अरुंद आणि रिक्षांनी भरलेले असतात. या रविवारी सायकल बाहेर काढा. आधी दोन्ही ब्रेक दाबून पाहा. ब्रेकचे रबर झिजले असेल, तर ते नवे घाला. त्याला फार पैसे लागत नाहीत. ब्रेकची तार तुटायला आली असेल, तर ती बदला. टायरच्या कडेला भेगा आहेत का, ते बघा. मग साखळीला तेल द्या. घंटी वाजते का, मागचा लाल दिवा उजेड परत फेकतो का, ते पाहा. हे सगळे झाल्यावर सायकल धुवा, पुसा आणि हवा तो रंग लावा. धाकट्या भावाला मागे बसवायचे असेल, तर ही यादी त्याच्यासमोर करा. तो ती बघून ठेवील, आणि सायकल त्याच्याकडे जाईल तेव्हा तोही आधी ब्रेकच तपासील.